प्रकार एकाहत्तर: झोपाळा

मुकुंद टिपणीस गेले तेव्हा ते झोपाळ्यावर बसले होते, असं यंत्राचं म्हणणं होतं.

प्रत्यक्षात ते नाशिकच्या आपल्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत होते, दोन वर्षं ज्या गादीवर पडून होते त्याच गादीवर. दुपारची वेळ होती. त्यांची मुलगी शर्वरी बाहेरच्या खोलीत शेवटच्या वर्षाचे इतिहासाचे पेपर तपासत बसली होती. मधलं दार उघडं होतं. कधीतरी गादी बंद पडली. भिंतीवरच्या हबचा हिरवा दिवा हिरवाच राहिला, कसलाही आवाज झाला नाही. शर्वरी चहा घेऊन आत गेली तेव्हा हातपाय गार पडत चालले होते, आणि हबच्या छोट्या पडद्यावर लिहिलं होतं: वापरणाऱ्यास झोप लागली आहे.

त्या गादीला सगळे श्वासगादी म्हणत. फुप्फुसं शाबूत आहेत पण छातीचे स्नायू थकलेत, अशा माणसांसाठी ती निघाली होती. गादीत आणि छातीवरून घ्यायच्या पट्ट्यात हवेचे कप्पे असत. ते फुगले की बरगड्या हलकेच दाबल्या जात, सैल झाले की छाती आपोआप उघडे आणि हवा आत येई. तोंडावर मास्क नाही, घशात नळी नाही. माणसाला बोलता येई, जेवता येई, भांडता येई. मुकुंदराव तिन्ही गोष्टी करत.

आजारी माणसाच्या घरात अशी चार-पाच यंत्रं असतात, आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवायला भिंतीवर एक हब. यंत्र एका कंपनीचं, हब दुसऱ्या कंपनीचा, तरी दोघांना एकमेकांचं बोलणं कळलं पाहिजे. म्हणून देशभर एकच मानक ठरलेलं होतं. त्यात एक तक्ता होता. प्रत्येक तऱ्हेच्या यंत्राला एक क्रमांक, आणि क्रमांकापुढे हबने त्या यंत्राशी कसं वागायचं याचे नियम. यंत्र जोडलं की ते सगळ्यात आधी आपला क्रमांक सांगतं. हबला डोळे नसतात. यंत्र जे सांगेल ते तो खरं धरतो.

शर्वरीने कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा ‘प्राणवेल’ कंपनीकडून दोन ओळींचं उत्तर आलं: आपल्या दुःखात सहभागी आहोत, आमचं उत्पादन मानकाच्या सर्व अटी पूर्ण करतं. दुसरं कोणी असतं तर वकील गाठला असता. शर्वरीने मानक वाचायला घेतलं. हाती आलेला कागद तळटिपेसकट वाचायची तिची जुनी सवय होती, आणि त्या दिवसांत तिला पुस्तकं वाचवत नव्हती. मानकात निदान कोणी मरत नव्हतं.

तक्त्यात सत्तराव्या क्रमांकावर चाकाची खुर्ची होती, बहात्तराव्यावर पलंग. मध्ये लिहिलं होतं:

‘७१. झोपाळा. मंद, नियमित, मागेपुढे हालचाल. हालचाल थांबल्यास वापरणारा उठून गेला किंवा त्यास झोप लागली असे समजावे. गजर करू नये. झोपमोड होते.’

तिला आधी हसू आलं. इतक्या रुक्ष पानांत हा झोपाळा कुठून आला, असं वाटलं. मग तिने हबच्या नोंदी काढून घेतल्या. बाबांच्या गादीने दोन वर्षं रोज सकाळी हबला एकच ओळख सांगितली होती: मी एकाहत्तर.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रांची वेगळी ओळ होती. तिच्यापुढे दोन स्वतंत्र गजर, वेगळी बॅटरी आणि वर्षभराच्या चाचण्या मागितल्या होत्या. झोपाळ्यापुढे काहीच मागितलं नव्हतं. म्हणजे ‘प्राणवेल’मध्ये कोणीतरी हा तक्ता शेवटपर्यंत, पेन हातात घेऊन वाचला होता.

*

तो माणूस तिला मानक ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीत, पुण्याला भेटला. परिमल चौबळ त्याचं नाव. कंपनीच्या मंजुऱ्यांचं काम त्याच्याकडे होतं. पन्नाशीचा, नीटनेटका, आवाज न चढवणारा. नियमाप्रमाणे ज्याच्या घरी अपघात झाला त्याला समितीवर बाधित पक्ष म्हणून बसता येत असे, आणि त्याने घेतलेली हरकत तो मागे घेत नाही तोवर त्या मुद्द्यावर दुरुस्ती होत नसे. शर्वरी पुण्याला आली ती हा नियम वाचूनच. अध्यक्ष दिगंबर सबनीस हे बाबांचे जुने सहकारी होते, तिला लहानपणापासून ओळखणारे. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि मग पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिले.

शर्वरीने फार बोलणं ठेवलं नाही. एकाहत्तरावी ओळ आजच्या आज रद्द करा, एवढंच तिचं मागणं होतं. मग चौबळकडे वळून तिने विचारलं की माणसाचा श्वास चालवणाऱ्या यंत्राला झोपाळा म्हणताना लाज कशी वाटली नाही.

“मंद, नियमित, मागेपुढे हालचाल,” चौबळ म्हणाला. “आमची गादी हेच करते, मॅडम. लाजेचा रकाना मानकात नाही.”

“गजर करू नये, हेही तुम्ही वाचलं होतंत.”

“वाचलं होतं. इथे बसलेल्या बाकीच्यांनी वाचलं होतं का, ते त्यांना विचारा. सह्या त्यांच्या आहेत.” त्याने पुढ्यातले कागद सारखे केले. “आणि ही ओळ कोणी घातली ते मॅडमना माहीत नसेल, तर अध्यक्षांनी सांगावं. मी सांगणं बरं दिसणार नाही.”

सबनीस बाटलीचं झाकण फिरवत राहिले. चौबळने थोडी वाट पाहिली.

“मसुद्याचे चिटणीस तेव्हा मुकुंद टिपणीस होते,” तो म्हणाला. “झोपाळा त्यांचा आहे.”

मागच्या रांगेत कोणालातरी हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात बुडवलं, पण उशीर झाला होता.

*

खालच्या कॅन्टीनमध्ये सबनीसांनी तिला सगळं सांगितलं. समितीत एक जुनी पद्धत होती, तिला ते मीठ म्हणत. कोणताही मसुदा मतांसाठी सगळीकडे पाठवायचा, तेव्हा चिटणीसाने त्यात एक अशक्य गोष्ट घालायची. कधी उडती खाट, कधी मांजराला लावायचा रक्तदाबमापक. ज्याने मसुदा खरंच वाचला असेल तो ओरडून पत्र लिहितो. जो न वाचता ‘सहमत’ कळवतो तो उघडा पडतो. पत्रं आली की चिटणीस ती ओळ काढून टाकतो आणि सगळे मिळून हसतात. त्या वेळी झोपाळ्याबद्दल एकही पत्र आलं नाही. सतरा कंपन्या, चार इस्पितळं, दोन विद्यापीठं. सगळे सहमत.

“मग काढली का नाही?”

“मी म्हटलं होतं काढ म्हणून. तो ऐकेना. म्हणाला, हे लोक वाचतील तेव्हाच निघेल. ज्याला सापडेल त्याला माझ्याकडून जेवण.” सबनीसांनी चहाचा कप फिरवला. “चिडला होता तो. आम्हाला वाटलं, काय बिघडतंय. झोपाळा कोण बनवणार आहे?”

“आणि तुम्ही? तुम्ही वाचलं होतंत?”

“मी सही केली, शर्वरी.”

तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला नाही.

नाशिकला परत येताना ती बाबांच्या गोष्टी आठवत राहिली. रात्री झोपताना ते गोष्ट सांगत, आणि प्रत्येक गोष्टीत एक थाप असे. ती पकडायची, “खोटं” म्हणून ओरडायचं, मगच गोष्ट पुढे जाई. न पकडता ती झोपी गेली तर दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पहिल्यापासून. तिला वाचायला शिकवलं ते या खेळानेच. त्याच माणसाने मोठ्यांच्या गोष्टीत एक थाप घातली होती आणि चौदा वर्षं कोणी खोटं म्हणालं नव्हतं. स्वतः मात्र दोन वर्षं त्या गादीवर पडून ते वर्तमानपत्रातल्या चुका काढत राहिले, आणि आपली गादी हबला कोणता क्रमांक सांगते हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. वाहिन्यांना असं काही रोज मिळत नाही. स्वतःच्याच विनोदाने गेलेला माणूस, असं म्हणत निवेदक गंभीर चेहरा ठेवायची शिकस्त करत. स्टाफरूममध्ये कोणीतरी मोबाइल घाईघाईने पालथा ठेवी, त्यावरून शर्वरीला कळे की आत्ता काय चाललं होतं. घरी आल्यावर ती बाबांशी भांडे, मनातल्या मनात, नीट मुद्दे काढून. जिवंतपणी ते कधी ऐकून घेत नसत. आता घेत होते, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

*

तिने हरकत कायम ठेवली. ओळ काढा, नाहीतर काही नको.

सबनीसांनी फोन करून अडचण समजावली. तक्त्यात नसलेल्या क्रमांकाचं यंत्र भेटलं तर हबने त्याची वीज तोडायची, असा नियम होता. चोरीची, बनावट यंत्रं घरात शिरू नयेत म्हणून. ओळ काढली तर नवा तक्ता ज्या दिवशी ज्या हबमध्ये उतरेल त्या दिवशी तिथली श्वासगादी बंद होईल. देशात अशा चाळीसेक हजार गाद्या होत्या. गादीचा क्रमांकही बदलता येत नव्हता. तो चिपमध्ये कारखान्यातच कोरला जाई, कोणी खोटा क्रमांक घालू नये म्हणून. सगळ्या गाद्या बदलून द्यायला दीड वर्ष लागणार होतं, आणि तोवर ती माणसं कशावर श्वास घेणार, याला उत्तर नव्हतं.

एकच वाट होती. झोपाळा ठेवायचा, पण त्याच्यापुढचे नियम बदलायचे. हालचाल थांबली की हबने तत्काळ गजर करायचा. हब नवा नियम एका दिवसात शिकला असता. विनोदाला गंभीरपणे घ्यायचं, इतकंच.

“आणि ‘प्राणवेल’ला काय होणार?”

काही नाही, सबनीस म्हणाले. गाद्या मानकाप्रमाणेच ठरतील. आधीही होत्या, आताही.

शर्वरीने फोन ठेवला. चाळीस हजार घरांत तो शब्द राहणार, आणि त्याच्या आडोशाला चौबळ राहणार. तिने समितीला कळवलं की तिची हरकत आहे तशीच आहे.

पुढच्या आठवड्यात चौबळ कॉलेजात आला. तास संपवून ती बाहेर आली तर तो व्हरांड्यात उभा होता, भिंतीवरचं वेळापत्रक वाचत. तो काहीही वाचतो, तिच्या मनात आलं. मुलं जाईपर्यंत तो थांबला.

सांगलीला एक गादी बंद पडली होती. बाई वाचल्या, कारण सून खोलीतच कपड्यांच्या घड्या घालत होती. हे त्याने बातमी सांगावी तसं सांगितलं.

“तुमची गादी,” शर्वरी म्हणाली.

“आमची. पण गजराचा मसुदा तयार आहे, मॅडम, आणि त्यावर एकच हरकत आहे. इतके दिवस गजर तुमच्या वडिलांनी अडवला होता. आता तुम्ही अडवलाय.”

तिच्या हातातलं हजेरीपुस्तक तिने दुसऱ्या हातात घेतलं.

“माणसांची काळजी कधीपासून वाटायला लागली तुम्हाला?”

“मला परत मागवाव्या लागणाऱ्या गाद्यांची काळजी वाटते. दोन्ही काळज्या एकाच ठिकाणी पोचल्या, तर तक्रार कशाला?”

“निघा,” ती म्हणाली. तो निघाला. जिन्यापर्यंत तो अजिबात घाईत नव्हता.

तिने त्या संध्याकाळी सांगलीला फोन लावला. नंबर सबनीसांकडून मिळाला. सून बोलली, तिला शर्वरी कोण हे नीटसं कळलं नाही, कंपनीची बाई असावी असं वाटलं असावं. सासूबाई आता बऱ्या आहेत, ती म्हणाली, पण आम्ही खोली सोडत नाही. मी, नवरा, मोठा दीर, पाळी लावलीय. पलंगाच्या पायथ्याशी बसायचं आणि पोट हलतंय का बघायचं. नवऱ्याने कामावर जायचं सोडलंय. मग तिने विचारलं, “मॅडम, तुमची नवीन दुरुस्ती येणार होती ना? ती कुठे अडलीय?”

शर्वरी म्हणाली की बघते.

*

शेवटच्या बैठकीला ती लवकर पोचली आणि टेबलाच्या त्या बाजूला बसली जिथून चौबळ बरोबर समोर येईल. एकाहत्तरावी ओळ पहिली घ्या, असं तिने सुचवलं. नवे नियम वाचले गेले. तिने हरकत मागे घेतली, सही केली, आणि दुरुस्ती तिथूनच हबांकडे रवाना झाली. पाच मिनिटांचं काम होतं. चौबळने समाधानाने मान हलवली आणि उरलेल्या मसुद्यावर सह्या व्हाव्यात म्हणून पेन काढलं. उरलेला मसुदा म्हणजे मानकाची नवी आवृत्ती. त्यात ‘प्राणवेल’च्या पुढच्या गादीची ओळ होती आणि ती मंजूर झाल्याशिवाय कारखाना सुरू होणार नव्हता.

“यावर माझी हरकत आहे,” शर्वरी म्हणाली.

कोणत्या कलमावर, असं सबनीसांनी विचारलं.

“कोणत्याच नाही. कोणत्याही सभासदाने मागितलं तर सह्यांआधी संपूर्ण मसुदा मोठ्याने वाचला जावा, असा तुमचा नियम आहे. बाराव्या पानावर. मी मागते आहे.”

काही जणांनी बारावं पान उघडलं. नियम तिथे होता. तो आजवर कोणी वापरला नव्हता, आणि बऱ्याच जणांना तो तिथे आहे हे आत्ताच कळत होतं.

“शर्वरी, तीनशेच्या वर पानं आहेत,” सबनीस म्हणाले.

“मी वाचते. मला सवय आहे.”

चौबळ पहिल्यांदा नीट तिच्याकडे वळला. “याने तुमचे वडील परत येणार आहेत का?”

“नाही. तुम्ही मात्र इथेच बसाल. वाचन चालू असताना एक माणूस जरी निघून गेला तर ते बाद होतं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करावं लागतं, तेही बाराव्या पानावर आहे.”

त्याने पेनाचं टोपण लावलं आणि खुर्चीत मागे रेलला. शर्वरीने पहिलं पान घेतलं.

तिने तो दिवसभर वाचलं, दुसऱ्या दिवशीही वाचलं. वर्गात वाचते तसंच, न थांबता, न रंगवता. पहिल्या दिवशी लोक चिडले होते. एका विद्यापीठाच्या प्रतिनिधीने हा छळ आहे असं नोंदवून घ्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते थकले. कोणी नखं बघे, कोणी डोळे मिटून चिंतन करत असल्यासारखा दिसे आणि मग मान खाली येई. तक्ता आला, सत्तर आलं, एकाहत्तर आलं. झोपाळा हा शब्द तिने बाकीच्या शब्दांसारखाच वाचला. कोणी हसलं नाही. कोणी ऐकतच नव्हतं बहुधा.

एक माणूस सोडून. चौबळ कंटाळला होता, रागावला होता, पण ऐकत होता; न ऐकणं त्याला जमत नसावं. त्याच्या पुढ्यात मसुद्याची प्रत होती आणि पेनाचं टोक ओळीओळीखालून सरकत होतं. पहिल्या दिवशीच शर्वरीच्या ते ध्यानात आलं होतं. वीस वर्षं शिकवलेल्या बाईला वर्गात कोण खरंच पुस्तकात आहे ते कळतं. ती वाचत होती कागद, पण बघत होती ते पेन.

वीजपुरवठ्याच्या प्रकरणात, बाकीच्या कलमांइतकंच निरुपद्रवी दिसणारं एक कलम होतं. तिने ते वाचलं: “खंडित वीजपुरवठा पूर्ववत झाल्यावर, हबने सर्व यंत्रे आधीच्याच स्थितीत आहेत असे धरून पुढील तपासणीपर्यंत नोंद चालू ठेवावी.”

पेन थांबलं.

दोन बोटांएवढं मागे गेलं, पुन्हा त्या ओळीखालून सरकलं, आणि पुन्हा थांबलं. चौबळने मान वर केली नाही. समासात काही लिहिलं नाही. क्षणभराने पेन पुढच्या ओळीकडे निघालं, जरा जास्तच वेगाने.

शर्वरीने पुढची ओळ वाचली नाही.

खोली शांत झाली तशी झोपलेले जागे झाले. सबनीसांनी संपलं का म्हणून विचारलं.

“चौबळ,” ती म्हणाली, “तुमचं पेन थांबलं.”

“पाणी प्यायचं होतं.”

“प्या. मग सांगा, का थांबलं.”

“मॅडम, मी तुमचा विद्यार्थी नाही.”

“नाही. या खोलीत नीट वाचणारे तुम्ही एकटेच आहात. म्हणून तर तुमच्यासमोर बसलेय दोन दिवस.” तिचा आवाज वाचताना होता तेवढाच होता. “मला यातलं कळत नाही. तुम्हाला कळतं. तुम्ही सांगेपर्यंत मी इथेच आहे, आणि तुमची नवी गादीही.”

चौबळने सबनीसांकडे पाहिलं. सबनीस त्यांच्या प्रतीत ती ओळ शोधत होते. चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी खाली ओढला. टेबलाभोवती पानं उलटल्याचा आवाज होत गेला. ती ओळ कोणती, म्हणून कोणीतरी शेजाऱ्याला विचारलं.

चौबळने पेन त्या ओळीवर आडवं ठेवलं.

“पुढील तपासणी कधी करायची ते लिहिलेलं नाही,” तो म्हणाला. “केलीच नाही तरी चालतं. वीज गेली तेव्हा यंत्र चालू असेल, तर नंतर ते बंद राहिलं तरी हबच्या लेखी चालूच. वर्षभर.”

“आणि तुम्ही हे सांगणार नव्हतात.”

शर्वरीला उत्तर नको होतं. तिने शेजारच्या माणसाकडून पेन्सिल मागून घेतली.

“परत वाचा,” चौबळ म्हणाला. त्याच्या आवाजात कसलाही मऊपणा नव्हता. “आधीच्या कलमापासून. तिथेही काहीतरी आहे.”

तिने एक पान मागे घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. या वेळी प्रत्येकाचं बोट आपापल्या ओळीवर होतं.